पुंजाराम, इजच्या जागेवर

डोंगरपिंपळ्याच्या शाळेत पुंजाराम आठ वर्षं शिपाई होता आणि आठ वर्षं शिपाई नव्हता. म्हणजे घंटा तोच द्यायचा, माठ तोच भरायचा, वर्ग तोच झाडायचा, हेडमास्तरांच्या म्हशीसाठी आष्टीच्या बाजारातून पेंडही तोच आणायचा. पण हजेरीच्या वहीत त्याचं नाव 'रोजंदारी' या सदराखाली पेन्सिलीनं लिहिलेलं असे. दर जूनमध्ये ते खोडायचं आणि तिथंच पुन्हा लिहायचं, अशी पद्धत. आठ वर्षांत त्या जागी कागद इतका झिजला होता, की पलीकडच्या पानावरचे खडूचे डबे आरपार दिसू लागले होते.

मास्तरांची नावं मात्र शाईनं होती. कायम झालेल्यालाच शाई. आणि कायम व्हायचं तर सातवी पास पाहिजे, असा नियम. पुंजाराम चौथीपर्यंत शिकलेला. पाचवीची शाळा चार कोसांवर होती आणि घरात चपलेचा एकच जोड होता. तो थोरल्या भावाच्या पायात गेला. थोरला सातवी होऊन परळीकडं निघून गेला, आणि पुंजाराम अनवाणी शाळेत आला तो थेट झाडू घेऊन.

त्याच्या बायकोनं, सत्यशीलानं, या शाईचा फार ध्यास घेतला होता. तिला साडी नको होती, नवं भांडं नको होतं. नवऱ्याचं नाव एकदा शाईत बघायचं, म्हणजे पुढल्या जूनला कोणी खोडणार नाही, एवढंच तिचं मागणं. "या घरात कायम काय हाय, तर तुमचा खोकला," असं ती शेजारणीच्या देखत म्हणायची. पुंजाराम त्यावर खोकायचा.

दुष्काळ सरून दुसरं साल लागलं तेव्हा शाळेत प्रभावतीबाई आल्या. औरंगाबादेत शिकलेल्या, मनगटावर घड्याळ, आणि विषय इंग्रजी. त्यांच्या आधीचे मास्तर इंग्रजी मराठीतून शिकवीत, आणि शेवटी शेवटी तर मराठीतूनही नाही, नुसतेच खुर्चीत बसून. बाई आल्या त्या दुसऱ्याच दिवशी दुकानातून बिस्किटांची रिकामी खोकी घेऊन आल्या. गावात लगेच बोलणं झालं, की बाई बिस्किटांवरच जगतात. त्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांच्या बाईंनी पाट्या केल्या, सुतळी ओवली आणि आठवीच्या एकतीस पोरांच्या गळ्यात एकेक शब्द अडकवला.

डाव्या भिंतीला आय, यू, ही, शी, इट, वुई, दे. उजव्या भिंतीला गुड, टॉल, लेझी, हंग्री, ॲब्सेंट, प्रेझेंट. मधल्या ओळीत ॲम, इज, आर, आणि गो, ईट, गिव्ह असे कामकरी. बाईंनी मराठीत वाक्य सांगायचं आणि पोरांनी पळत येऊन फळ्यापुढं बरोबर क्रमानं उभं राहायचं. नियम एकच. बाई 'सीट डाउन' म्हणेपर्यंत कोणत्याही शब्दानं जागा सोडायची नाही.

गावातल्या बड्या काकासाहेबांचा नातू मच्छिंद्र 'ही' होता. त्याच्या पाटीला मागूनही लिहिलेलं होतं. क्रियापदाच्या अलीकडं उभा असला की 'ही', पलीकडं गेला की 'हिम'. 'गिव्ह' आला की पोरगं उडी मारून पलीकडं जायचं आणि पाटी उलटी करायचं. 'ईट' झालेल्या पोराजवळ एक छोटी पाटी वेगळी होती, 'एस'ची. 'ही' शेजारी आला की ती शेपटीसारखी मागं लावायची, 'आय' आला की काढून खिशात घालायची. चार महिन्यांत त्या पोरांना जेवढं इंग्रजी आलं, तेवढं आधीच्या मास्तरांना निवृत्त होईपर्यंत आलं नव्हतं.

अडचण आली ती 'इज'ची. 'ॲम'ला काम हलकं, तो एकट्या 'आय'च्या घरचा जावई. 'आर'ला गर्दीतलं काम, पण मान मोठा. 'इज'ला मात्र 'ही'नं बोलवायचं, 'शी'नं बोलवायचं, 'इट'नं बोलवायचं. दिवसभर पळापळ, आणि अर्थ विचारला तर धड कोणाला सांगता येत नाही. 'लेझी' निदान आळशी तरी असतो, 'इज' कोण असतो? पहिल्या 'इज'ची आई द्वारकाबाई तिसऱ्या दिवशी शाळेत आली आणि म्हणाली, की तिचं लेकरू घरी येऊन नुसतं पडून राहतं, त्याला चांगलासा बसका शब्द द्यावा. दुसरा 'इज' दोन दिवसांत तापानं आजारी पडला. तिसरा मिळेना.

तेव्हा बाईंनी दारातून जाणाऱ्या पुंजारामाला हाक मारली. "पुंजारामभाऊ, जरा इथं मध्ये उभं राहता का?"

जो हाक मारील त्याच्याकडं पळायचं, हे काम पुंजाराम आठ वर्षं करतच होता. त्यानं झाडू दाराआड ठेवला, गळ्यात पाटी घातली आणि उभा राहिला. उंचीनं तो आठवीच्या थोराड पोरांएवढाच. पांढरा सदरा, पायजमा, टोपी. पोरांचाही वेष तोच. फरक एवढाच, की त्याला मिशी होती आणि त्याचं वय छत्तीस होतं.

पहिल्याच दिवशी त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. तो मध्ये उभा नसला, की एका बाजूला मच्छिंद्र नुसता मच्छिंद्र राहतो आणि दुसऱ्या बाजूला 'टॉल' नुसता हवेत उंच राहतो. तो मध्ये गेला की दोघं जुळतात. आठ वर्षांत गावात त्याच्यावाचून काही अडलं होतं, असं पुंजारामाला पहिल्यांदाच दिसलं. मग तो तासाला बोलवायची वाट बघेना. घंटा द्यायची, हातोडा ठेवायचा आणि पळत येऊन पाटी घालायची.

आणि मग त्याचं जरा जास्तच झालं. सत्यशीला म्हणाली, पोत्याचं दुसरं टोक धरा, दोघं मिळून आत घेऊ. तर हा शांतपणे म्हणाला, "आपण दोघं म्हणजे वुई. तिथं माझा संबंद येत न्हाई, आर लागतो." तिनं पोतं त्याच्या पायावर सोडलं, तेव्हा संबंद आला. आपल्याच वस्तीतल्या मळणीच्या जेवणात त्याला वाढायला लावलं, तर एकेकट्या बसलेल्याला आग्रह करकरून वाढतोय आणि घोळक्यापुढून भाकरीची टोपली तशीच पुढं नेतोय. लोकांना वाटलं याला ऊन लागलं. बाईंना मात्र असा विद्यार्थी जन्मात मिळाला नव्हता.

गावानंही या इंग्रजीचा आपल्या परीनं अर्थ लावला. दुपारी बाया शाळेच्या खिडकीशी येऊन उभ्या राहत. झुंबरबाई सगळ्यांना समजावून सांगे, की ही सोयरिकीचीच रीत हाय. ॲमला आयचंच घर चालतं, दुसरं चालत नाही, आणि मधल्याशिवाय काही जमत नाही. शब्द कोणाला कोणता लागला, यावरून घराघरांत रुसवे झाले. 'गुड' झालेल्या पोराच्या बापानं पेढे वाटले. 'लेझी' झालेल्या भिवाला त्याच्या आईनं शाळेतून काढायचं ठरवलं, पण तो उठलाच नाही, म्हणून राहिला.

सगळ्यात जास्त टोचलं ते काकासाहेबांना. शाळेच्या कमिटीचे ते चेअरमन. पाणंदीनं जाताना त्यांच्या कानावर आलं, "ही इज लेझी." आणि बघतात तर 'ही' म्हणून त्यांचा नातू, छाती पुढं काढून. ते बाईंना म्हणाले, की मच्छिंद्राला 'गुड' आणि 'टॉल' एवढेच दोन लावावेत. बाई म्हणाल्या, शब्द सगळ्यांना सगळे लागतात. बाईंपुढं चालेना, तेव्हा काकासाहेबांनी संध्याकाळी पुंजारामाला घंटेपाशी गाठलं. आठ वर्षांत ते त्याच्याशी हाक मारण्यापलीकडं बोलले नव्हते. त्या दिवशी ते चक्क दगडावर बसले.

"पुंज्या, जोडतो कोण? तूच ना मधी उभा राहून राह्यला?"

"जी."

"मंग लेझी आला की तू जरा मागं सरकायचं. वितभर. तुझ्या कायमचं मंग मी बघतो. सातवी-फातवी सगळं."

पुंजारामानं हातोड्याकडं बघितलं. सत्यशीलाची शाई त्याच्या डोळ्यांपुढं आली, ओली, निळी. मग तो म्हणाला, "शिपाई असतो तर सरकलो असतो, काकासाहेब. इजला तसं करता येत न्हाई."

काकासाहेब उठले. "बरं," म्हणाले. "तपासणीला साहेब येऊन राह्यलेत. बघू मंग तू काय व्हतो ते."

हे मात्र खरं होतं. फेब्रुवारीत तपासणी होती. आणि तपासणीत रोजंदारीवाल्याचं नाव निघालं, की पुढल्या जूनला ते लिहायचं का खोडूनच ठेवायचं, हे साहेबाच्या शेऱ्यावर ठरे. शिवाय बाईंचंही वर्ष पुरं व्हायचं होतं. त्यांची नेमणूकही त्याच शेऱ्यावर टांगलेली. म्हणून हेडमास्तर तातेराव गुरुजींनी, जे स्वभावानं इतके भित्रे होते की स्वतःच्या सहीकडंही दोनदा बघत, सगळं नीट ठरवून ठेवलं. त्या दिवशी पुंजारामानं धुतलेले कपडे घालून घंटेपाशी उभं राहायचं, साहेब येताच पाणी द्यायचं, आणि 'इज'ची पाटी एका पोराच्या गळ्यात घालायची. साहेब दुपारी दोनला येणार होते. सकाळी एकदा रंगीत तालीम करायची म्हणून पुंजारामानं शेवटची पाटी घातली.

साहेब अकरालाच आले. आष्टीला यष्टीतून उतरले आणि काकासाहेबांच्या बैलगाडीत बसून, धूळ खात, थेट वर्गाच्या दारात. मागं काकासाहेब. घंटेपाशी कोणी नव्हतं.

वर्गात सगळे शब्द आपापल्या भिंतीला ताठ उभे. पुंजारामही. बाई जागच्या जागी थिजल्या. साहेबांनी घामानं भिजलेला चष्मा पुसला, बोट उगारून डोकी मोजली आणि हजेरी मागितली.

"पटावर एकतीस. इथं बत्तीस. बत्तिसावा कोण?"

शिपायाला वर्गात पोरगं म्हणून उभं केलंय, असं म्हणावं तर बाईंची नोकरी गेली. तातेराव गुरुजींनी टाक उचलला, दौतीत बुडवला आणि भीतीच्या भरात हजेरीच्या खाली लिहिलं, 'बत्तीस: पुंजाराम'. साहेबांनी वाकून बघितलं, मग पुंजारामाकडं, त्याच्या मिशीकडं बघितलं.

"जरा उशिरा घातलेला दिसतो शाळेत," ते म्हणाले, आणि शेजारी सही केली. वर्षातून अशी दहा-पाच मिशीवाली पोरं त्यांच्या नजरेखालून जातच असत.

पुंजारामाच्या जागेवरून ती वही दिसत होती. त्याचं नाव होतं, शाईनं होतं, आणि चुकीच्या पानावर होतं.

"आणि शिपाई कुठं आहे?" साहेब म्हणाले. "बाहेर कोणी नाही. पाणी नाही, काही नाही."

काकासाहेब अशी संधी सोडतील तर ते काकासाहेब कसले. त्यांना सगळं दिसत होतं. पण त्यांनी सरळ बोट दाखवलं नाही. त्यांना मजा बघायची होती. ते म्हणाले, की साहेबांनी हेच पोरांना इंग्रजीत विचारावं, एवढं शिकवलंय म्हणतात.

"व्हेअर इज द पिऊन?" साहेबांनी विचारलं.

'इज' हे स्वतःचं नाव ऐकून पुंजाराम एक पाऊल पुढं आला आणि मागं गेला. डाव्या भिंतीवरून मच्छिंद्र आला, 'ही' म्हणून उभा राहिला. उजव्या भिंतीपाशी शिवकन्या होती, वर्गातली सगळ्यात तल्लख पोरगी. म्हणून बाईंनी तिला एकटीला दोन पाट्या दिल्या होत्या. उजव्या हातात 'प्रेझेंट', डाव्या हातात 'ॲब्सेंट'. ती हलेना. तिनं पुंजारामाकडं बघितलं. 'प्रेझेंट' लावावा, तर साहेब पुढं विचारणार, कुठं आहे. मग बाई गेल्या. 'ॲब्सेंट' लावावा, तर पुंजाराम गेला.

पुंजारामाला उभ्या जन्मात एवढा वेळ कोणी दिला नव्हता. सगळा वर्ग थांबला होता, साहेब थांबले होते, खिडकीत झुंबरबाई थांबली होती. त्याच्यावाचून वाक्य होणार नव्हतं, आणि वाक्य झालं की तो होणार नव्हता. त्यानं शिवकन्येच्या डाव्या हाताकडं हळूच मान हलवली. पोरीनं पाटी घातली आणि येऊन उभी राहिली. मग पुंजारामानं टोपी नीट केली आणि दोघांच्या बरोबर मधे जाऊन, वितभरही मागं न राहता, उभा राहिला.

ही. इज. ॲब्सेंट.

"व्हेरी गुड," साहेब म्हणाले. त्यांनी वहीत लिहून घेतलं: इंग्रजी उत्तम, शिपाई गैरहजर.

पण तहान काही इंग्रजीनं भागत नाही. साहेबांनी पाणी मागितलं. आठ वर्षांच्या सवयीनं पुंजारामाचा पाय उचलला आणि हवेतच थांबला. बाई 'सीट डाउन' म्हणाल्या नव्हत्या. त्यांचे डोळे साहेबांच्या वहीवर होते. पाय जागेवर आला. तातेराव गुरुजी तर टाक धरून हजेरीवरच वाकलेले होते. राहता राहिले काकासाहेब. चेअरमन स्वतः माठापाशी गेले आणि साहेबांसाठी तांब्या भरून आणला. साहेब घटाघटा प्याले आणि म्हणाले, "या मुलांनाही द्या, केव्हाची उभी आहेत बिचारी."

काकासाहेबांनी नातवाला पाणी दिलं. पुढं पुंजाराम होता. डोंगरपिंपळ्यात त्या हातानं या हाताला पाणी कधी दिलेलं नव्हतं. विहिरीही दोन होत्या; त्यानं भरलेला शाळेचा माठ तेवढा सरकारी म्हणून चाले. साहेब बघत होते. काकासाहेबांनी तांब्या पुढं केला. पुंजारामानं ओंजळ केली नाही. तांब्याच घेतला, सावकाश प्याला, आणि रिकामा परत दिला. खिडकीतून झुंबरबाई निघाली ती घरी न जाता आधी सगळ्या गावात गेली.

संध्याकाळी सत्यशीलानं सगळं ऐकून घेतलं.

"मंग तुम्ही गैरहजर व्हता?"

"व्हतो."

"आन् हजर बी?"

"व्हतो."

"मंग ताटं किती वाढू?" तिनं विचारलं. पुंजाराम खोकला. तिनं एकच वाढलं. शाई मागणाऱ्या तिला आता पेन्सिलही उरणार नव्हती.

मे महिन्यात साहेबांचा कागद आला. तातेराव गुरुजींनी तो काकासाहेबांपुढं मोठ्यानं वाचला. प्रभावतीबाईंचं काम समाधानकारक, त्यांना कायम करावं. तपासणीत गैरहजर असलेल्या रोजंदारी शिपायाचं नाव कमी करावं. काकासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. तेवढ्यात गुरुजींनी पान उलटलं. शिपायावाचून शाळेत पाणीसुद्धा चेअरमनना आणावं लागतं, हे साहेबांनी डोळ्यांनी बघितलेलं आहे. सबब पंधरा दिवसांत गावातलाच, अठरा वर्षं पुरी झालेला, सातवीच्या पुढं शिकत असलेला माणूस कायम शिपाई म्हणून नेमावा. न नेमल्यास चेअरमन जबाबदार.

काकासाहेबांनी दोन दिवस माणूस शोधला. गावातले सातवी झालेले सगळे गाव सोडून गेले होते. उरली आठवीची पोरं. ती चौदा-पंधरा वर्षांची. हजेरी वरपासून खालपर्यंत बघितली, तर अठरा पुरी झालेला एकच विद्यार्थी निघाला. अनुक्रम बत्तीस, शेजारी साहेबांची सही, सगळं शाईत. ते खोडावं तर साहेबांची सही खोडावी लागणार.

काकासाहेब पुन्हा घंटेपाशी आले. या वेळी दगडावर बसले नाहीत. "पुंजाराम," ते म्हणाले, आणि ते पूर्ण नाव उच्चारताना त्यांना जरा वेळ लागला. "तू कितवीत हाईस?"

"आठवीत, काकासाहेब."

"पास झाला का?"

"पेपर न्हाई दिले. पण बाई म्हणत्यात, वाक्य चुकत न्हाई."

नेमणूक झाली. आता तातेराव गुरुजींची भीती उरली. ते म्हणाले, जुना शिपाई गेला आणि नवा आला, तर जुन्यानं नव्याकडं सामानाचा ताबा दिला पाहिजे, चेअरमनच्या समक्ष, नाहीतर पुढल्या तपासणीत विचारतील. देणारा डावीकडं उभा राहील, घेणारा उजवीकडं. पुंजाराम डावीकडं उभा राहिला. समोर सत्यशीला पदर खोचून बघत होती, आणि तिच्यामागं निम्मं गाव.

घंटेचा हातोडा त्यानं उजवीकडं धरला. पण घ्यायला उजवीकडं कोणी नव्हतं. तो सोडून पळत उजवीकडं जावं, तर हातोडा खाली पडे. एकदा पडला, गुरुजींच्या पायाजवळ. गुरुजी म्हणाले, असं चालणार नाही, सामान खाली पडलं तर ताबा बेकायदा होतो. मग प्रभावतीबाई हळूच म्हणाल्या, "मधे कोणीतरी धरायला पाहिजे."

सगळ्यांनी काकासाहेबांकडं बघितलं. समक्ष तेच होते.

काकासाहेब मधे उभे राहिले. डाव्या हाताला गेलेला पुंजाराम, उजव्या हाताला येणारा पुंजाराम. त्यांच्या हातात हातोडा आला आणि पलीकडून गेला. मग माठ. मग खराटा. मग एक बादली, आणि दुसरी बादली, जी पाण्यानं भरलेली होती, कारण रिकामी देणं पुंजारामाला बरं वाटेना. ती काकासाहेबांच्या हातात असताना गुरुजींनी वही पुढं केली. पुंजारामानं 'ताबा दिला' पुढं सही केली, वळसा घालून गेला, आणि 'ताबा घेतला' पुढं सही केली. दोन्ही शाईनं. सत्यशीलानं जवळ येऊन वहीवर फुंकर घातली, म्हणजे पुसू नये.

बादली जड होती. काकासाहेबांचे हात खाली येऊ लागले. "झालं का?" त्यांनी विचारलं.

पुंजारामानं एकदा बाईंकडं बघितलं. बाई अजून काही बोलल्या नव्हत्या.

"जरा थांबा, काकासाहेब," तो अदबीनं म्हणाला. "बाई बसा म्हणेपर्यंत जागा सोडायची न्हाई."